धरणात पाणी कमी आणि मागणारे दोन: शहर अन् शेतीचं वाटप कसं बसवायचं

सगळ्यात आधी एक सांगतो, वाटपाची मीटिंग पेरणीच्या आधी घ्या. बी एकदा मातीत गेलं की शेतकऱ्याचा पैसा अडकला, मग तुम्ही कितीही गोड बोला, उभं पीक वाळू दे म्हटल्यावर कोण ऐकणार, आणि का ऐकावं? तेच पेरायच्या आधी बोललात तर कमी पाण्याचं पीक घेता येतं, थोडी जमीन पडीक ठेवता येते, निदान बियाणं-खतांचा खर्च तरी वाचतो.

मीटिंगला जाताना हिशोब सोबत हवा. साठ्यातून मृतसाठा, म्हणजे धरणाच्या तळाचं दारातून बाहेर न निघणारं पाणी, वजा करा, बाष्पीभवन वजा करा, कालव्यात आणि पाइपात जे मुरतं-गळतं ते वजा करा आणि उरेल तेच वाटायचं. पुढचा पाऊस वेळेवर येईल असं धरूच नका, दोन महिने उशिरा येईल असं धरा. हेक्टरभर रानाला 6 सेंटीमीटरचं एक पाणी दिलं तर 6 लाख लिटर जातात, माणशी 100 लिटर धरले तर 6000 माणसांचं एका दिवसाचं पाणी झालं. हा आकडा शहरवाले लगेच शेतकऱ्याच्या तोंडावर मारतात, पण त्याच पाण्यातून त्यांच्या ताटातलं येतं हे विसरून.

मग क्रम ठरवा. प्यायला आणि घरवापराला पहिलं पाणी, यावर सहसा कोणी भांडत नाही. पण "शहराचं पाणी" म्हणजे सगळंच पिण्याचं नसतं ना, त्यात बागा, गाड्या धुणं, स्विमिंग पूल, कारखाने सगळं येतं, ते वेगळं काढा. शेतीतही तसंच, जनावरांचं पाणी आधी, मग फळबागा, कारण झाड मेलं की पुढची कित्येक वर्षं गेली, हंगामी पीक पुढच्या वर्षी परत घेता येतं. ऑस्ट्रेलियात मरे-डार्लिंग खोऱ्यातल्या मोठ्या दुष्काळात भातवाल्यांनी भात न लावता आपल्या वाट्याचं पाणी फळबागा आणि द्राक्षवाल्यांना विकलं, कारण तिथे पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा विकता येतो.

शेतीचं पाणी कापायचं तर भरपाई द्यायची, आणि आधी द्यायची. 1991 च्या दुष्काळात कॅलिफोर्निया सरकारने पाण्याची बँकच काढली, एकर-फुटाला (एकरभर रानात फूटभर उभं राहील एवढं पाणी) 125 डॉलर देऊन शेतकऱ्यांकडून पाणी घेतलं आणि 175 डॉलरने शहरांना आणि इतर गरजूंना विकलं. पण इथे एक गोम आहे, नीट लक्ष द्या. शेतकरी कालव्याचं पाणी विकतो आणि विहिरीवर मोटर लावून तेवढंच उपसतो, मग वाचलं काय? कागदावर वाचलं. दुसरं म्हणजे शेताला दिलेलं सगळं पाणी पीक पीत नाही, काही मुरून किंवा वाहून खालच्या शेतकऱ्याला मिळत असतं, ते पण विकलं गेलं तर खालचा उगाच मेला. म्हणून पैसे पिकाने खरंच जेवढं प्यायलं असतं तेवढ्याचेच द्या, आणि करारात उपशावर मीटर लावायची अट टाका.

जमीन मालकाला पैसे मिळतात, मजुराला नाही, खतवाल्याला नाही, ट्रॅक्टरवाल्याला नाही. हे लोक मीटिंगला बोलावलेलेच नसतात! कॅलिफोर्नियातच पालो व्हर्दे खोऱ्याशी 2004 साली 35 वर्षांचा करार झाला तेव्हा शहरी पाणीसंस्थेने मालकांच्या पैशांशिवाय गावासाठी 60 लाख डॉलर वेगळे ठेवले, ही कल्पना उचलण्यासारखी आहे. आणि हे सगळं न करता गुपचूप जमिनी घेऊन पाणी नेलं तर काय होतं ते कॅलिफोर्नियातल्याच ओवेन्स खोऱ्यात दिसलं. लॉस एंजलिसने 1913 मध्ये कालवा सुरू केला, 1924 मध्ये चिडलेल्या लोकांनी सुरुंग लावून तो उडवला, आणि पाणी नेल्यामुळे वाळलेल्या तिथल्या तळ्याची धूळ पुढे कित्येक दशकं उडत राहिली.

कपात दोन्हीकडे दिसली पाहिजे, नुसती असून चालत नाही. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनमध्ये 2018 च्या फेब्रुवारीपासून माणशी रोज 50 लिटरची मर्यादा होती, शेतीलाही मोठी कपात होती, आणि त्याच महिन्यात जवळच्याच ग्रोएनलँड भागातल्या शेतकऱ्यांनी आपल्या धरणातलं सुमारे 1000 कोटी लिटर शहराला सोडलं. धरणात किती, शहराने किती उचललं, कालव्याला किती सुटलं, हे आकडे दर आठवड्याला एकाच बोर्डावर लावा, अफवा अर्ध्या होतील.

पाणी सोडताना कोरड्या नदीत बारीक धार सोडू नका, वाळूच पिऊन टाकते, एकदाच मोठं आवर्तन (एका पाळीचं पाणी) काढा, आणि कालव्यात टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याची पाळी आधी लावा.

शहरात वापरलेल्या पाण्याचा मोठा भाग गटारातून परत येतो. तो शुद्ध करून शेतीला द्यायचं करारातच लिहून घ्या, इस्राएलमध्ये सांडपाण्याचा बहुतेक भाग असाच शेतीत जातो. पण कारखान्याचं पाणी त्यात मिसळू देऊ नका आणि क्षार तपासत राहा, नाहीतर जमीन पांढरी पडेल.

शेवटची अट कपात कधी उठणार याची, ती पण आत्ताच लिहा. पहिला जोराचा पाऊस झाला की शहरात नळ सैल सोडायची घाई होते, तेव्हा पाऊस बघून नाही, धरण अमुक टक्के भरलं की दोन्हीकडची कपात एकाच दिवशी उठणार असा आकडा ठरवून सह्या घ्या.