लहानपण कष्टात गेलं असेल तर विशीतच तब्येत कशी तपासून घ्यावी

सरकारी आरोग्य केंद्रात बीपी-शुगरच्या तपासणीला तिशीच्या पुढच्या माणसांना बोलावतात. आशाताई घरोघरी फिरून यादी करतात, तीही तिशीच्या पुढच्यांचीच. तुम्ही तेवीस-चोवीसचे असाल, पुण्यात अभ्यासिकेत बसून परीक्षेची तयारी करत असाल किंवा चाकणला कंपनीत पाळ्या करत असाल, तर तुमच्याकडे कुणी फिरकणार नाही. ज्यांचं लहानपण ओढगस्तीत, मारहाणीत किंवा उपाशीपोटी गेलं त्यांनी तिशीची वाट बघू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी बीड जिल्ह्यातली, शिरूर कासार तालुक्यातली. आई-बाप ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की टोळी निघायची, ती गुढीपाडव्याच्या सुमाराला परत. आता मी पुण्यात स्टाफ नर्स आहे. गावाकडच्या पोरांचे फोन येतात: ‘ताई, छातीत धडधडतंय, ईसीजी नॉर्मल आला, आता काय करू?’ ‘ताई, रात्री तीनला जाग येते ती येतेच.’ प्रत्येकाला मी जे सांगते ते इथे एकदाच लिहून ठेवते.

लहानपणाचा आणि बीपीचा काय संबंध?

धोका दिसला की शरीर अॅड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरकं सोडतं. नाडी वाढते, रक्तात साखर येते, कान टवकारतात. उसाच्या फडात बिबट्या दिसला तर हे कामाचंच आहे. पण बाप पिऊन आला की रोज संध्याकाळी हेच होत असेल, किंवा टोळीचा मुकादम उचलीचे (आगाऊ दिलेले) पैसे मागायला कोपीच्या, म्हणजे फडावरच्या झोपडीच्या, दारात उभा राहिला की हेच होत असेल, तर शरीराला तीच सवय लागते. पुढे धोका नसला तरी ते सावधच राहतं.

अमेरिकेत सॅन दिएगोला डॉ. व्हिन्सेंट फेलिटी आणि डॉ. रॉबर्ट अँडा यांनी हजारो प्रौढांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारलं. मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातली दारू, आईला होणारी मारझोड असे प्रकार त्यात होते. 1998 साली त्यांचा निबंध छापून आला. असे चार किंवा जास्त प्रकार सोसलेल्यांमध्ये दारूचं व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पट होता. हृदयविकाराचं प्रमाणही जास्त निघालं.

पण आपल्या वयाच्या दृष्टीने मला न्यूझीलंडचा अभ्यास जास्त महत्त्वाचा वाटतो. ड्युनेडिन शहरात 1972-73 मध्ये जन्मलेल्या हजारभर मुलांचा आजवर पाठपुरावा चालू आहे. ती 26 वर्षांची झाली तेव्हा गरीब घरात वाढलेल्यांपैकी 31 टक्क्यांना हिरड्यांचा आजार होता. सुखवस्तू घरातल्यांपैकी 12 टक्क्यांना. हृदयाच्या तब्येतीतही फरक होता. मोठेपणी बरी नोकरी लागून परिस्थिती सुधारली, त्यांच्यातही तो पुसला गेला नव्हता. म्हणजे ‘आता पगार सुरू झाला, सगळं ठीक आहे’ हे शरीराला लगेच पटत नाही.

तिसरा अभ्यास तर आपल्या दारातला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांपासून सुरुवात केली आणि त्यांची लेकरं मोठी होईपर्यंत तपासली. 18 व्या वर्षी 37 टक्के मुलग्यांची आणि 18 टक्के मुलींची साखर सामान्यापेक्षा जास्त निघाली. यातली जवळजवळ निम्मी पोरं वजनाने कमी होती. पोटात असतानाच वाढ खुंटली की पुढे काय होतं, ते यात दिसतं. ‘मी तर बारीक आहे, मला कसली शुगर’ असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

हे सगळे धोके आहेत, भविष्य नव्हे. इंटरनेटवर त्या अमेरिकेतल्या अभ्यासावर बेतलेली दहा प्रश्नांची चाचणी सापडते, तिचे गुण मोजून कुणी रात्र जागवू नये. ती मोठ्या लोकसंख्येचा अंदाज घ्यायला बनवलेली आहे, एकट्या माणसाचं काय होईल ते तिच्यातून कळत नाही, हे खुद्द अँडांनीही नंतर लिहिलं. शिवाय ‘सहा महिने शाळा सोडून तुम्ही भावंडं सांभाळलीत का’ असा प्रश्न तिच्यात नाही.

आधी एक कागद लिहा

दवाखान्यात जाण्याआधी अर्ध्या पानावर मावेल एवढं लिहून काढा. औषधाची अॅलर्जी असेल तर आपण ती सांगतो ना, तशीच ही माहिती. कादंबरी लिहायची नाही. नमुना देते:

‘वय 24, पुरुष. जन्म फडावर, कोपीत. वजन मोजलेलं नाही. आई नवव्या महिन्यापर्यंत मोळ्या उचलत होती. दहावीपर्यंत दरवर्षी सहा महिने स्थलांतर. वडिलांची दारू; आईला आणि मला मारहाण, साधारण सहावी ते दहावी. आजोबांना शुगर, चुलत्यांना पन्नाशीच्या आत अर्धांगवायू. सध्या: पहाटे तीनला जाग, धडधड, डोकं दुखणं. तंबाखू रोज. दारू नाही.’

बस, एवढंच.

यातली सगळ्यात अवघड माहिती आईकडून काढायची असते. ‘माझं जन्माचं वजन किती होतं’ असं विचारलं तर ती हसेल. आमच्या आयांना साल आठवत नाही, कारखाना आठवतो. म्हणून असं विचारा: मी पोटात होतो तेव्हा कुठल्या कारखान्याला होतीस? मुकादम कोण होता? बाळंतपणाच्या आदल्या दिवशी कामावर गेली होतीस का? किती दिवसांनी परत कोयता धरलास? दूध येत होतं का, का मला पाणी-साखर पाजलीस? माझ्या आईला कारखान्याचं नाव काढल्याबरोबर सगळं आठवलं, गाडीतली ऊसाची भरतीसुद्धा. बोलताना ती दोन्ही तळहात उलटे करून घट्टे बघत होती. मी ते मध्येच थांबवलं नाही. तुम्हीही थांबवू नका, पण त्या दिवशी सगळंच विचारायला पाहिजे असंही नाही.

घरात मार खाल्लेल्यांसाठी वेगळं सांगते. आई-बापही पिचलेलेच होते हे खरं आहे, आणि तुम्हाला लागलं हेही खरं आहे. ‘माफ करून टाक म्हणजे बीपी उतरेल’ असं सांगणाऱ्यांकडे सरळ दुर्लक्ष करा. कागदावर फक्त काय झालं ते लिहायचं, कोणाची चूक ते नाही.

शेवटी एक ओळ त्या माणसाची लिहा ज्याच्यामुळे तरलात: आजी, वसतिगृहाच्या बाई, एखादा मामा. डॉक्टरांना तिचा फारसा उपयोग नाही, तुम्हाला आहे. रात्री फोन कुणाला करायचा ते ठरलेलं असतं.

ओपीडीत काय बोलायचं

सरकारी ओपीडीत तुमच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं येतात. त्यामुळे पहिलं वाक्य तक्रारीचं असू द्या: ‘दोन महिने झोप लागत नाही आणि धडधडतं.’ मग कागद पुढे सरकवा आणि थेट विचारा, ‘लहानपणी घरात मारहाण होती, त्याचा याच्याशी संबंध असेल का?’ नुसतं सांगितलं तर ऐकून घेतात. प्रश्न विचारला तर उत्तर द्यावं लागतं.

‘या वयात कसलं टेन्शन’ असं म्हणून कुणी उडवून लावलं, तर वाद घालू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, तिथे केसपेपर काढा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं मात्र त्यात धरलेली नाहीत, तिथे थोडे पैसे बरोबर ठेवा.

लैंगिक अत्याचार झाला असेल तर तपशील सांगण्याची सक्ती कुणीही करू शकत नाही. ‘लहानपणी अत्याचार झालाय, हात लावण्याआधी सांगा आणि सिस्टरांना इथे थांबू द्या’ एवढं पुरतं. हे दातांच्या खुर्चीतही सांगता येतं. आडवं झोपवून तोंडात हात घातल्यावर अंग आखडून जातं आणि मग दात दाखवणंच टळतं, असं मी पुष्कळांचं बघितलं आहे.

कोणत्या तपासण्या, कोणत्या नाहीत

बीपी. जिना चढून धापा टाकत मोजू नका. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला, बोलायचं नाही. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. दोनदा मोजायला सांगा. वेगवेगळ्या दिवशी 140/90 किंवा वर येत असेल तर वय बावीस असलं तरी डॉक्टरांकडे जायचंच.

हिमोग्लोबिन. मुलींचं 12 च्या खाली, मुलग्यांचं 13 च्या खाली म्हणजे रक्त कमी. धडधड आणि दम लागणं याचं कारण कित्येकदा इथेच सापडतं, आणि आपण उगाच हृदयाची काळजी करत बसतो. धडधड असेल तर थायरॉइडही बघून घ्या.

साखर उपाशीपोटी. 100 ते 125 म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी करायची असेल तर हिमोग्लोबिन आधी बघा. लोह कमी असेल तर ती खोटी वाढलेली दिसू शकते. वजनकाट्यापेक्षा टेप घ्या आणि कंबर मोजा: मुलग्यांनी 90 सेंटीमीटरच्या आत, मुलींनी 80 च्या आत.

दात दाखवा, दुखत नसले तरी. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. आणि एका खोलीत सहा-सहा जण राहून खोकला दोन आठवड्यांवर गेला, तर टीबीसाठी थुंकीची तपासणी, तीही फुकट.

कॉर्टिसॉलचं पॅकेज घेऊ नका. दिवसभरात ते आपोआप वरखाली होतं, एका सकाळच्या रिपोर्टवरून तुमच्या लहानपणाचं काही कळत नाही. त्या पैशांत महिनाभर अंडी येतात.

झोप, आणि तंबाखू

फडावर आम्हाला पहाटे तीन-चारला उठवायचे, थंडीत, चुलीच्या धुरात. आई-बाप निघून जायचे आणि लहान भाऊ माझ्याजवळ. नीट झोप लागली तर तो रांगत कुठे जाईल याची धास्ती. असं वाढलेल्याला ‘निवांत झोप’ म्हणून काही होत नाही. माझ्या अनुभवात हे कामाला येतं: झोपायची वेळ कशीही असो, उठायची एकच ठेवायची. दुपारी चारनंतर चहा बंद. जाग आली आणि वीसेक मिनिटांत झोप नाही लागली तर अंथरुणातून उठून बसायचं, मोबाइल न उघडता. श्वास घेताना चार मोजायचे, सोडताना सहा-सात. दार बंद आहे ना, हे एकदा उठून बघायचं. एकदाच.

तीच ती दृश्यं परत परत डोळ्यांसमोर येत असतील, कुणी जोरात बोललं तरी दचकायला होत असेल, जगू नये असं वाटत असेल, तर हे घरगुती उपाय बाजूला ठेवा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा, 14416. चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

तंबाखू-मिसरीवर भाषण देत नाही. एवढंच, की भूक मारायला आणि जागं राहायला म्हणून ती फडावर सुरू होते. सोडताना भूक आणि झोप दोन्ही उसळतात, तेव्हा खिशात शेंगदाणे-फुटाणे ठेवा.

घरी लहान भावंडं असतील तर

अजून तुमच्या घरातून कुणी ऊसतोडीला जात असेल, तर धाकट्याला बरोबर पाठवू नका. शाळेत हंगामी वसतिगृहाची चौकशी करा. समाजकल्याण खात्याची संत भगवानबाबा वसतिगृहंही ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच आहेत. हे दसऱ्याच्या आधी करायचं. टोळी निघायच्या आदल्या रात्री मुकादम अंगणात बसलेला असताना आई काहीच ठरवू शकत नाही. गणपतीत गावी जाल तेव्हा मुख्याध्यापकांना भेटून यादीत नाव घालून घ्या. धाकट्याला मारहाण होत असेल किंवा धाकटीचं लग्न ठरवत असतील, तर मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा, 1098.

स्वतःच्या कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि कागदाच्या मागच्या बाजूला बीपी, हिमोग्लोबिन, साखर, कंबर यांचे आकडे तारखेसकट लिहीत जा. पुढच्या वर्षी नवा डॉक्टर असेल, त्याला पहिल्यापासून सांगत बसावं लागणार नाही.