रब्बीचं पाणी सुरू करण्याआधी मोटरचे व्होल्ट-अँपिअर लिहून ठेवा

गव्हाला मुकुटमुळं फुटतात ती वेळ पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांची, आणि तेव्हाचं पाणी चुकवून चालत नाही. गावातल्या पेरण्या आठ-दहा दिवसांच्या फरकानं झालेल्या असतात. त्यामुळे त्याच आठवड्यात एका डीपीवरच्या (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटरी सुरू होतात आणि रिवाइंडिंगवाल्याकडे रांग लागते. मोटर जळाली की आपण लाईटला शिव्या देतो. पुष्कळदा त्या योग्यच असतात. पण कधी कधी दोष आपल्याच बांधात पुरलेल्या केबलचा असतो, आणि तो चर न खोदता नुसत्या भागाकारानं सापडतो.

त्यासाठी क्लॅम्प मीटर हवा. आपल्याकडे नसेल तर वायरमनकडे असतोच. अँपिअर मोजताना मीटरच्या चिमट्यात एका वेळी एकच तार धरा. तिन्ही तारांची केबल एकदम धरली तर मीटर शून्य दाखवतो आणि माणूस उगाच गोंधळतो. व्होल्ट मोजायला चालू टर्मिनलला टोकं लावावी लागतात, ते काम वायरमनलाच करू द्या. पहाटेच्या दवात ओल्या पायांनी तर मुळीच नको.

समजा ५ एचपीची थ्री फेज मोनोब्लॉक आहे. स्टार्टरवर ४०० व्होल्ट आणि प्रत्येक फेजला ८ अँपिअर मिळाले. थ्री फेजला वॅट काढायचे तर १.७३ गुणिले व्होल्ट गुणिले अँपिअर गुणिले पॉवर फॅक्टर (करंटातला खरं काम करणारा हिस्सा). पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर साधारण ४,४३० वॅट होतात, म्हणजे आठ तासांत ३५ युनिट. ५ एचपी म्हणजे ३,७३० वॅट, पण ही शाफ्टवर मिळणारी ताकद. वरचे ७०० वॅट मोटरच्या उष्णतेत आणि घर्षणात जातात. त्याला इलाज नाही.

इलाज आहे तो केबलवर. मीटरपेटी रस्त्याकडेला आणि विहीर ३०० मीटर आत, असं आपल्याकडे सर्रास असतं. मोटर चालू असताना पेटीवर ४०० आणि विहिरीजवळच्या स्टार्टरवर ३७३ व्होल्ट भरले, तर २७ व्होल्ट वाटेतच गेले. २७ ला १.७३ नं, मग ८ अँपिअरनं आणि शेवटी पॉवर फॅक्टर ०.८ नं भागा: २.४ ओहम. हा केबलच्या एका तारेचा रोध. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या लवचिक केबलला किलोमीटरला सुमारे ८ ओहम रोध असतो, म्हणजे ३०० मीटरला २.४. हिशेब जुळला, केबल धडधाकट आहे, फक्त बारीक आहे. तिच्यात ८ गुणिले ८ गुणिले २.४ असे तीन तारांचे मिळून ४६० वॅट जमीन तापवायला जातात. ४ चौरस मिलिमीटरची टाकली तर रोध दीड ओहमवर येतो, घट १७ व्होल्टवर आणि नुकसान २९० वॅटच्या आत.

हिशेब जुळला नाही, तर मात्र जोड तपासायचा. तीन फेजच्या तारांना आर, वाय, बी म्हणतात; आर-वाय, वाय-बी, बी-आर या तिन्ही जोड्यांची घट वेगवेगळी मोजा. दोन जोड्यांत घट जास्त आणि तिसरीत कमी असेल, तर त्या दोघींत सामाईक असलेली तार दोषी. पिळून वर टेप गुंडाळलेल्या जोडात नुसता अर्धा ओहम रोध आला, तरी ८ अँपिअरला तिथे ४ व्होल्ट पडतात आणि ३२ वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. एवढं तापलेलं टोक रात्रभर टेपखाली ठेवलं तर टेपचं काय होईल ते सांगायला नको.

हाच भागाकार मोटरला लावू नका. ४०० भागिले ८ म्हणजे ५० ओहम येतील, पण बंद मोटरची वाइंडिंग मल्टीमीटरनं मोजली तर मोजकेच ओहम दिसतात. फिरणारी मोटर आतूनच उलटा दाब तयार करते, तो प्रवाह अडवतो. म्हणून तर गाळानं पंप जाम झाला की उलटा दाब संपतो आणि मोटर पाच-सहा पट करंट ओढते. वाइंडिंग तपासताना आकडा किती यापेक्षा तिन्ही आकडे सारखे आहेत का, हे बघा.

व्होल्टेज ३५० वर आलं की तेवढंच पाणी उचलायला मोटर ८ ऐवजी सव्वानऊ-साडेनऊ अँपिअर घेते, आणि वाइंडिंगची उष्णता करंटच्या वर्गानं, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाढते. ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) सारखा पडतो म्हणून त्याची चकती शेवटापर्यंत फिरवून ठेवणारे मी गावोगाव पाहिलेत. रिले मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरवरच ठेवा. पडतो तर पडू द्या, कारण शोधा.

आणि ऑटो स्विच, म्हणजे लाईट येताच मोटर आपोआप सुरू करणारा. १०० केव्हीएच्या डीपीची पूर्ण क्षमता १३९ अँपिअर. सुरू होताना मोटर सहापट करंट घेते, म्हणजे ४८. लाईट येताच ऑटोवरच्या तीनच मोटरी एकदम उठल्या तरी १४४ होतात. डीपीवरच्या सगळ्याच एकदम उठल्या, तर व्होल्टेज इतकं पडतं की कुणाचीच धड उठत नाही आणि सगळ्याच गुरगुरत राहतात. ऑटो काढणं जमत नसेल, तर वेळ मागे-पुढे करणारा टायमर लावा आणि शेजाऱ्यांशी मिनिटं वाटून घ्या.

कपॅसिटर लावला नसेल तर ५ एचपीला २ केव्हीएआरचा लावा. वरच्या मोटरचा लाईनवरचा करंट ८ वरून पावणेसातच्या आसपास येतो. कपॅसिटरच्या पुढे, मोटरकडे जाणाऱ्या केबलमध्ये मात्र ८ च राहतात, म्हणून तो मीटरपेटीत न लावता विहिरीजवळ लावायचा. रिलेच्या पुढे मोटरच्या बाजूला जोडला असेल, तर रिलेलाही कमी करंट दिसतो; सेटिंग त्या प्रमाणात खाली आणायला वायरमनला आठवण करा.