खान्देशात खाऱ्या पाण्याची टाकी: दसऱ्यापासून मृगापर्यंतची तयारी

खाऱ्या पाण्याची फिशटँक लावायची तर सुरुवात दसऱ्याच्या सुमारास करा. जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार इथल्या माणसाला हे आधी सांगायला हवं. मुंबई-पुण्याचे व्हिडिओ बघून ऐन मार्चमध्ये टाकी मांडली, की पाणी स्थिर होण्याआधीच उन्हाळा अंगावर येतो. दसऱ्याला सुरुवात केली तर डिसेंबरपर्यंत मासे येतात आणि एप्रिलपर्यंत टाकीला चांगली मुदत मिळते.

आधी जागा ठरवा. पश्चिमेची भिंत नको, वरच्या मजल्यावरची स्लॅबखालची खोली तर नकोच. जुनं धाब्याचं घर असेल तर तळमजल्यावरची आतली खोली उत्तम, जाड मातीच्या भिंती दुपारचं ऊन अडवतात. पण लाकडी माळ्यावर टाकी ठेवू नका. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत काठोकाठ 190 लिटर पाणी मावतं. काच, रेती, दगड आणि स्टँड धरून वजन अडीचशे-तीनशे किलोच्या घरात जातं. वेल्डिंगवाल्याकडून अँगलचं स्टँड बनवून घेताना रंगाचे दोन हात जास्त द्यायला सांगा, मीठ लोखंड फार लवकर खातं. स्टँड लेव्हल ट्यूबने चारही कोपऱ्यांत तपासा आणि काचेखाली थर्माकोलची शीट टाका. यापेक्षा लहान टाकी घेऊ नका. पाणी जितकं कमी तितकं ते लवकर तापतं आणि लवकर बिघडतं.

विजेचं काम टाकी भरण्याआधी उरका. खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं, म्हणून त्या बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि पक्कं अर्थिंग हवंच. प्रत्येक वायर प्लगच्या खालपर्यंत लोंबू द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी प्लगमध्ये न जाता खाली टपकेल. लाइट गेली की सगळ्यात आधी ऑक्सिजनचं संकट येतं, कारण गोड्या पाण्यापेक्षा समुद्राच्या पाण्यात मुळातच सुमारे वीस टक्के कमी ऑक्सिजन विरघळतो, आणि पाणी तापलं की तो आणखी घटतो. घरच्या इन्व्हर्टरवर निदान वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलवत ठेवणारा छोटा पंप तरी घ्या, त्याला फार वॅट लागत नाहीत. शिवाय बॅटरीवर चालणारा एअर पंप चार्ज करून ठेवा.

आता पाणी. बोअरचं पाणी जड असतं, ते वापरू नका. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. आरओचंच पाणी घ्या, पण घरच्या आरओत चवीसाठी खनिजं परत मिसळणारा कार्ट्रिज असतो, तो टाळून पाणी काढा आणि टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) लावून बघा. आकडा जितका शून्याजवळ तितकं चांगलं, त्यासाठी आरओपुढे उरलेले क्षार काढणारा डीआयचा फिल्टर जोडता येतो. मीठ मात्र मरीन सॉल्टच, म्हणजे समुद्री टाकीसाठी बनवलेलंच हवं. स्वयंपाकाचं मीठ किंवा सैंधव चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात सोडियमबरोबर लिटरला सुमारे 1300 मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि 400 मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियमही असतं. लिटरला साधारण 35 ते 38 ग्रॅम मीठ लागतं, म्हणजे प्रत्यक्ष भरणाऱ्या दीडशे लिटरला साडेपाच किलोच्या आसपास. मीठ वेगळ्या ड्रममध्ये पंप लावून रात्रभर विरघळू द्या. मग रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे खारेपणा मोजायच्या दुर्बिणीसारख्या यंत्राच्या काचेवर पाण्याचे दोन थेंब टाकून झाकण लावा आणि उजेडाकडे धरून बघा. निळा आणि पांढरा जिथे मिळतात ती रेघ 35 वर (हजार भागांत 35 भाग मीठ), म्हणजे घनतेच्या 1.026 वर आली पाहिजे. त्याआधी रिफ्रॅक्टोमीटर 35 च्या प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्यायचा.

तळाला अॅरागोनाइटची (शंख-प्रवाळासारख्या चुनखडीची) रेती घाला. तापी-गिरणेची वाळू कितीही स्वच्छ धुतली तरी ती नको, तिच्याबरोबर कोणती खनिजं येतील सांगता येत नाही. दगडांच्या बाबतीत कायदा माहीत असू द्या. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतातल्या खऱ्या प्रवाळांना अनुसूची एकमध्ये संरक्षण दिलं आहे, आणि समुद्री घोडेही त्यात येतात. कोणी ‘आपल्या समुद्रातला जिवंत प्रवाळ’ म्हणून काही विकत असेल तर हात लावू नका. सिरॅमिकचे किंवा कृत्रिम कोरडे दगड घ्या, त्यांच्यावरही बॅक्टेरिया तितकेच छान बसतात. प्रोटीन स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र), हीटर आणि अमोनिया, नायट्राइट, नायट्रेटचे टेस्ट किट हे त्याच खरेदीत घ्या. हीटर कशाला, असं वाटेल. पण पौषातल्या रात्री पारा दहाच्या खाली गेला की तो लागतोच.

यानंतर चार ते सहा आठवडे टाकी माशांविना चालवायची. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे बॅक्टेरिया वाढायला तेवढा वेळ हवा. त्यांना खाद्य म्हणून प्रयोगशाळेच्या प्रतीचं अमोनियम क्लोराइड दीडशे लिटरला सुमारे एक ग्रॅम टाकलं, की अमोनिया दोन पीपीएमच्या (लिटरला दोन मिलिग्रॅमच्या) जवळ येतो. कल्हईवाल्याकडचा नवसागर टाकू नका, त्याच्या शुद्धतेची खात्री नसते. असा डोस दिल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की टाकी तयार झाली. मग थोडं पाणी बदलून नायट्रेट खाली आणा.

पहिले मासे म्हणून टाकीत जन्मलेल्या क्लाउनफिशची एक जोडी घ्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने यांच्या प्रजननाचं तंत्र बसवलं आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेल्या माशाच्या मागे लागायचं कारण उरत नाही. मुंबईहून मासे आणायचे तर रात्रीच्या गाडीने, थर्माकोलच्या पेटीत. घरी आल्यावर टाकीचं पाणी थेंबथेंब सोडत तासभर त्यांना जुळवून घेऊ द्या. निळ्या टँग माशाचा मोह आवरा, तिला ही टाकी पुरत नाही.

उन्हाळ्याची तयारी फेब्रुवारीत करा. आपली हवा मे महिन्यात कोरडी असते आणि याचा मोठा फायदा मिळतो. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावला की बाष्पीभवनाने पाणी काही अंशांनी थंड होतं, पारा 45 वर असला तरी. मात्र दिवसाला चार-पाच लिटर पाणी उडून जातं आणि मीठ टाकीतच राहतं. दीडशेतले पाच लिटर उडाले की 35 चा खारेपणा 36 च्या वर जातो. म्हणून काचेवर मार्करने पातळीची रेघ मारा आणि रोज सकाळ-संध्याकाळ साधं आरओचं पाणी त्या रेघेपर्यंत भरा. भरताना खारं पाणी कधीच वापरायचं नाही.

खरी कसोटी मृगाच्या आधी असते. आभाळ भरून येतं, उकाडा दाटतो आणि दमट हवेत पंख्याचा जोर कमी पडतो. तेव्हा चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) परवडत असेल तर तो लावा. नाहीतर फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या तयार ठेवा. एक लिटरची गोठलेली बाटली दीडशे लिटरचं तापमान अर्ध्या-पाऊण अंशाने उतरवते, म्हणून एकावेळी एकच सोडा.

त्या खोलीत मच्छरचं लिक्विड किंवा अगरबत्ती लावायची नाही, त्यातली पायरेथ्रॉइड औषधं माशांना आणि कोळंब्यांना अतिशय विषारी असतात. कपाशीवर फवारणी करून आलेल्यांनी तर त्या दिवशी टाकीत हातच घालू नये. लग्नसराईत गावाला जायचं असेल तर शेजारच्या काकूंकडे खाद्याच्या रोजच्या पुड्या बांधून द्या, काचेवरची रेघ दाखवा आणि आरओच्या पाण्याचा कॅन टाकीच्या शेजारीच ठेवा.