रिपीटर डोंगरावर न्यायच्या आधी काय काय बघायचं

वळीव सुरू झालेत, मिरगाच्या आत रिपीटर, म्हणजे लांबच्या सेटचं बोलणं एका फ्रिक्वेन्सीवर ऐकून त्याच वेळी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जोरात परत सोडणारा आमचा रेडिओ, वर चढला पाहिजे असं सगळेच म्हणायलेत, म्हणून डोक्यात आहे ते लिहून काढतोय. गेल्या खेपेला आमचा सेट टेबलावर झकास चालला, डोंगरावर नेऊन अँटेनाला जोडला आणि बहिरा झाला. बेळगावजवळच्या खानापुरातला माणूस ओरडतोय, रिपीटर त्याला धरतोय, सोडतोय, परत धरतोय. कारण एकच. ट्रान्समीटर चालू असताना रिसीव्हर किती ऐकतोय, हे खऱ्या अँटेनावर आम्ही तपासलंच नव्हतं. तेव्हा बाकी काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका: ट्रान्समिट चालू ठेवून रिसीव्ह बघा. खाली परत परत सांगणार आहे, कंटाळू नका.

लायसन्सचं थोडक्यात. हॅम, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विंगचं, म्हणजे केंद्राचं, महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडला म्हणून कॉल साइन बदलत नाही. पण रिपीटर ही वेगळी गोष्ट, त्याची परवानगी वेगळी काढावी लागते, ती हातात आल्याशिवाय लोखंड वर नेऊ नका. आणि गणपतीत मंडळाच्या पोरांना मिरवणुकीत बोलायला आपला हॅम बँड देऊ नका, कितीही ओळखीचे असले तरी. त्यांच्यासाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे कमी ताकदीचे बिनालायसन्स सेट आहेत, ते सरकारी मंजुरीचे बघून घ्यायचे, आणि त्याच्यावर रिपीटर नाही म्हणजे नाही. भीमगड अभयारण्याच्या बाजूला जागा बघत असाल तर वनखात्याला आधी विचारा.

बँड कुठला घ्यायचा यावर लोक उगाच भांडतात. आपल्याकडे टू मीटर (व्हीएचएफ) म्हणजे १४४ ते १४६ आणि सत्तर सेंटीमीटर (यूएचएफ) म्हणजे ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ. निपाणी चिकोडीच्या मोकळ्या रानात दोन्ही चालतात, पण जांबोटी कणकुंबी लोंढ्याकडच्या ओल्या झाडीत यूएचएफ लवकर मरतो, व्हीएचएफ त्या मानाने तग धरतो, म्हणून मी टू मीटरच म्हणेन. त्याची किंमत मात्र मोजावी लागते, कारण टू मीटरला शिफ्ट, म्हणजे ऐकायच्या आणि बोलायच्या फ्रिक्वेन्सीतलं अंतर, फक्त ६०० किलोहर्ट्झ आणि तिथंच सगळी मारामारी आहे. यूएचएफ घेणार असाल तर एक लक्षात ठेवा, आपला बँडच ४ मेगाहर्ट्झ रुंद आहे, तेव्हा बाहेरून आलेल्या सेटमधली तयार ५ मेगाहर्ट्झची शिफ्ट तशीच ठेवलीत तर तुम्ही सरळ बँडच्या बाहेर बोलताय.

उंचीचा हिशोब सोपा आहे. आजूबाजूपेक्षा जितके मीटर उंच, त्याचं वर्गमूळ काढा आणि ४.१२ ने गुणा, तेवढे किलोमीटर क्षितिज. २०० मीटर उंच डोंगर असला तर साधारण ५८ किलोमीटर. पण हे सपाट जमिनीचं झालं. घाटात प्रत्येक दरीची सावली वेगळी, तिथं कागदावर विश्वास ठेवू नका, हँडी, म्हणजे हातातला छोटा सेट, घेऊन गाडीतून फिरून या आणि कुठं तुटतंय ते लिहा.

आता सेट. दोन जुने कमर्शिअल मोबाइल सेट घ्या, मोटोरोला जीएम ३०० सारखे, ज्याला मागे अ‍ॅक्सेसरी कनेक्टर आहे आणि पीटीटी (बोलायचं बटण), ऑडिओ, स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर बंद ठेवतो तो) उघडल्याचा सिग्नल सगळं तिथं मिळतं. स्वस्तातली हँडी रिसीव्हर म्हणून लावू नका हो, एका चिपवर सगळा रेडिओ असतो, पुढे फिल्टर नावाला, डोंगरावर एफएम स्टेशन आणि बाकीचे टॉवर दिसले की तिचे कान बसतात. ट्रान्समिटला ५० वॅटचा सेट असेल तर तो २० वर चालवा आणि पंखा लावा, हे सेट मधून मधून बोलायला केलेत, तास तास दाबून धरायला नाहीत. पुराच्या वेळी नेट, म्हणजे सगळ्यांचं एकत्र रेडिओवरचं बोलणं, चालू असलं की ट्रान्समीटरला उसंत नसते. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत यमगर्णीजवळ हायवेवर वेदगंगा आली होती ते आठवा, तसल्या दिवसात सेट जळला तर वर जाऊन बदलणार कोण.

डुप्लेक्सर. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकाच अँटेनावर एकमेकांपासून वेगळे ठेवणारे हे फिल्टर. इथं घाई केलीत तर बाकी सगळा खर्च पाण्यात. डीबी म्हणजे ताकद किती पट ते सांगायचं माप, डीबीएम म्हणजे एका मिलिवॅटच्या तुलनेत किती डीबी. २० वॅट म्हणजे अधिक ४३ डीबीएम, आणि चांगला रिसीव्हर पाव मायक्रोव्होल्ट म्हणजे उणे ११९ डीबीएम ऐकतो, दोघांत १६२ डीबीचा फरक आणि दोघं एकाच अँटेनावर, एकाच वेळी. मोबाइलसाठीचा तो छोटा चपटा डुप्लेक्सर ऑनलाइन स्वस्त दिसतो, तो ५ मेगाहर्ट्झ आणि त्याहून मोठ्या फरकासाठी केलेला असतो, ६०० किलोहर्ट्झला त्याचा काडीचा उपयोग नाही. मोठ्या कॅव्हिटी, म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सीला जुळवायचे धातूचे पोकळ डबे, लागतात, चार किंवा सहा, कमरेएवढ्या उंच, जड, ओढायला माणसं लागतात, त्याला इलाज नाही. बेळगावच्या उद्यमबागेत स्टँड आणि क्लँप करून घ्या, जस्ताचा मुलामा मारूनच घ्या, नुसत्या रंगावर घेऊ नका, त्याचं कारण पुढे येईल.

ट्यूनिंगला उलटासुलटपणा नेहमी होतो म्हणून नीट वाचा. समजा रिपीटर १४५.७ ला बोलतो आणि १४५.१ ला ऐकतो. मग ट्रान्समिटकडच्या कॅव्हिटी १४५.७ सोडतील आणि १४५.१ ला खड्डा (नॉच) पाडतील, म्हणजे ती अडवतील, कारण ट्रान्समीटरचा आवाज, म्हणजे त्याची खरखर, तुमच्या रिसीव्ह फ्रिक्वेन्सीवरही पसरते, ती तिथंच मारायची असते. रिसीव्हकडच्या कॅव्हिटी १४५.१ सोडतील आणि १४५.७ ला खड्डा पाडतील, म्हणजे स्वतःच्याच कॅरियरने (ट्रान्समीटरच्या मुख्य सिग्नलने) रिसीव्हर दबणार नाही. दोन्हीकडे एकूण ८०-९० डीबीच्या आसपास खड्डा हवा. नॅनोव्हीएनएने, म्हणजे फिल्टर-अँटेना मोजायच्या छोट्या यंत्राने, करायचं तर करा, पण साध्या नॅनोव्हीएनएला साधारण ७० डीबीच्या खाली नीट दिसत नाही, पूर्ण साखळी जोडून खड्ड्याचा तळ शोधत बसू नका, तो तळ त्या यंत्राचा असतो, कॅव्हिटीचा नाही. एकेक कॅव्हिटी सुटी घ्या, दोन्ही तोंडांना छोटे अटेन्युएटर (सिग्नल बारीक करणारे तुकडे) लावा, आधी पास, म्हणजे सोडायची फ्रिक्वेन्सी, मग नॉच, मग परत पास, कारण एक हलवलं की दुसरं हलतं. लॉकनट आवळताना सुद्धा ट्यूनिंग सरकतं, म्हणून आवळून झाल्यावर परत बघा. उन्हातून आणलेल्या कॅव्हिटी लगेच ट्यून करू नका, थंड होऊ द्या. मधल्या केबलची लांबी हिशोबाने ठरलेली असते, तुटली म्हणून हाताला आली ती लावू नका. एका बाजूला दीड डीबी जाणारच, म्हणजे २० वॅटचे १४ होतात, ते मान्य करा आणि पुढे चला.

आणि एवढं सुंदर ट्यून करून झालं की माणसाला वाटतं काम झालं. आम्हालाही तसंच वाटलं होतं. झालेलं नसतं. ट्रान्समिट चालू ठेवून रिसीव्ह बघा.

कसं बघायचं ते सांगतो. रिसीव्हरच्या आवाजाला एक स्पीकर लावा, पीटीटीची तार काढून ट्रान्समीटर हाताने चालू-बंद होईल असं करा. डुप्लेक्सर आणि अँटेनाच्या मध्ये आयसो-टी टाका, म्हणजे मधली पिन कापलेला टी, ज्यातून अगदी थोडा सिग्नल आत जातो. त्यातून सिग्नल जनरेटरने इतका बारीक सिग्नल सोडा की खरखरीत जेमतेम ऐकू येईल, जनरेटरच्या तोंडाला अटेन्युएटर लावूनच. आता ट्रान्समीटर दाबा. खरखर वाढली नाही तर ठीक. वाढली तर रिसीव्हर बहिरा होतोय, डिसेन्स आहे. किती ते मोजा, सिग्नल किती डीबी वाढवल्यावर पहिल्यासारखं ऐकू येतं ते बघा, एक डीबीच्या आत असेल तर सोडून द्या, जास्त असेल तर खाली उतरू नका.

हे दोनदा करायचं, एकदा अँटेनाच्या जागी डमी लोड, म्हणजे पॉवर हवेत न सोडता आतच जिरवणारा भार, लावून आणि एकदा खऱ्या अँटेनावर. डमी लोडवरच बिघडत असेल तर दोष डुप्लेक्सरमध्ये, जंपरमध्ये (जोडायच्या छोट्या केबलमध्ये) नाहीतर सेटच्या शील्डिंगमध्ये. डमी लोडवर स्वच्छ आणि अँटेनावर खरखर, तर दोष वर आहे: केबल, कनेक्टर, अँटेनाचा सांधा, नाहीतर टॉवरचा गंजलेला बोल्ट. हो, गंजलेला बोल्ट. दोन गंजलेली लोखंडं एकमेकाला घासली की ती डायोडसारखी वागतात आणि तुमच्याच पॉवरमधून आवाज तयार करतात. म्हणून तो मुलामा. आमचं टेबलावर डमी लोडला सगळं स्वच्छ होतं, आणि तिथंच आम्ही थांबलो होतो. ट्रान्समिट चालू ठेवून केबल हाताने हलवा, कनेक्टरवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करा, स्पीकरमध्ये कडकड आली की जागा सापडली. अँटेनाच्या टोकाला मात्र पॉवर चालू असताना हात लावायचा नाही.

जनरेटर नसला तरी सुटका नाही. एका माणसाला हँडी कमी पॉवरवर ठेवून पायथ्याला पाठवा, झाडाआड, दगडाआड, जिथून तो जेमतेम ऐकू येईल तिथं उभं करा आणि वर ट्रान्समीटर चालू-बंद करा. त्याचा आवाज दोन्ही वेळा सारखाच आला पाहिजे. कंट्रोलर, म्हणजे कुणी ऐकू आलं की ट्रान्समीटर आपोआप चालू करणारी पेटी, लावल्यावर रिपीटर टक टक करत उघड-मीट करायला लागला, म्हणजे कमजोर माणसाने उघडला, ट्रान्समीटरने रिसीव्हर दाबला, ट्रान्समीटर बंद झाला, परत ऐकू आलं, परत उघडला, तर हेच आहे, स्क्वेल्च सैल करून ते जाणार नाही.

केबल. आरजी-५८ टॉवरवर नेऊ नका. टू मीटरला १०० मीटरमागे २० डीबीच्या आसपास खाते, २० मीटर टाकलीत तर निम्म्याहून जास्त पॉवर केबलमध्येच गेली. आरजी-२१३ बरी. पण रिपीटरला खरी केबल म्हणजे हाफ इंच हेलिएक्स, म्हणजे जाळीऐवजी बाहेरून अखंड तांब्याची नळी असलेली. एलएमआर-४०० जातीची केबल पुष्कळांना आवडते, साध्या बेसला उत्तम आहे, पण तिच्यात अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणि वर कलई केलेल्या तांब्याची जाळी असते, डुप्लेक्समध्ये दोन धातू घासून पुढे खरखर करते. पहिल्या वर्षी कळत नाही, म्हणून लोक ऐकत नाहीत. डुप्लेक्सरपासून सेटपर्यंतचे जंपर दुहेरी जाळीचे, आरजी-४०० घ्या. कनेक्टर एन टाइप. कणकुंबीकडचा पाऊस म्हणजे आडवा पाऊस, आधी स्वतःला चिकटणारी रबर टेप, त्यावर साधी टेप, आणि केबल आत शिरायच्या आधी खाली एक वळसा, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल.

टोन, म्हणजे आपल्या सेटने बोलण्याबरोबर सोडायचा बारीक ओळखीचा सूर, लावा. डोंगरावरून लांबचे लांब ऐकू येतात, टोन नसला तर दुसऱ्याच्या बोलण्याने आपला रिपीटर उघडतो. ८८.५ हर्ट्झ घ्या नाहीतर १२३.०, सगळ्यांना कळवा, टोनचं डेव्हिएशन (बोलताना फ्रिक्वेन्सी किती हलते ते) ५०० ते ७०० हर्ट्झ पुरे. एकूण डेव्हिएशन ५ किलोहर्ट्झच्या आत, आणि जेवढं आत आलं तेवढंच बाहेर गेलं पाहिजे, नाहीतर मग एकाचा आवाज खोल विहिरीतून आणि दुसऱ्याचा कानाचे पडदे फाडणारा. सेट नॅरोवर (कमी डेव्हिएशनवर) राहिलाय का तेही बघा. टाइमआउट, म्हणजे सलग बोलणं आपोआप तोडायची वेळ, तीन मिनिटं.

बॅटरी १०० एएच (अँपिअर-तास), लेड-अ‍ॅसिड असेल तर निम्मीच आपली समजा. जून ते सप्टेंबर घाटात सोलरवर भरवसा नको, ऊनच नसतं. चार्जर स्विच-मोड असेल तर तो चालू असताना, होय, परत तेच, ट्रान्समिट चालू ठेवून रिसीव्ह बघा, आणि चार्जर बंद करून परत बघा.

लोकांच्या हँडी: शिफ्ट, टोन, कमी पॉवर, जादा बॅटरी, सगळ्यांच्या एकाच दिवशी खाली बसून भरून घ्या. नेटवर कुणी कन्नडमध्ये बोलेल, कुणी मराठीत, कुणी हिंदीत, तेव्हा गावाचं नाव, पाण्याची पातळी आणि किती माणसं, या तीन गोष्टी कुठल्या क्रमाने सांगायच्या ते आधी ठरवा.

अर्थिंग, लाइटनिंग अरेस्टर, दोन्ही एकाच पट्टीला. टॉवरवर हार्नेसशिवाय नाही, वीज दिसली की खाली. पान्हे, एन कनेक्टर जादा, फ्यूज, टेप, डमी लोड, आयसो-टी, स्पीकर. डमी लोड आणि आयसो-टी सेटच्या पेटीतच ठेवा, "गाडीत आहे" असं नको. उंदीर येतात, भोकं बुजवा. धुकं दुपारनंतर उतरतं तेव्हा डिसेन्सचं काम सकाळीच. आकडे, म्हणजे पास, नॉच, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचं माप), डिसेन्स किती डीबी, तारखेसकट कागदावर लिहून प्लास्टिकमध्ये घालून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. खोलीला कुलूप, किल्ली दोघांकडे, आणि त्यातला एक तरी पायथ्याच्या गावातला असू दे.