पुरवठादारांची पूर्वपात्रता प्रश्नावली बनवताना या चुका टाळा

पूर्वपात्रता प्रश्नावली म्हणजे पुरवठादाराला यादीत घेण्याआधी त्याच्याकडून भरून घ्यायचा फॉर्म. कुठल्यातरी मोठ्या कंपनीचा फॉर्म मिळवायचा, वरचं नाव बदलायचं आणि चिरेवाल्यापासून (जांभ्या दगडाचे चिरे देणारा) आरएमसीवाल्यापर्यंत (तयार काँक्रीट देणारा) सगळ्यांना तोच पाठवायचा, ही बऱ्याच कंत्राटदारांच्या ऑफिसातली रीत. मग गोव्यातल्या पेडण्याचा चिरेवाला 'पर्यावरण व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र जोडा' या रकान्यात 'लागू नाही' लिहून मोकळा होतो. ज्या खाणीतून चिरे येणार तिला परवाना आहे का, हे मात्र त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

प्रत्येक प्रश्नाला दोन कसोट्या लावा. उत्तर पडताळता येईल का? आणि त्या उत्तरामुळे आपला निर्णय बदलेल का? दोन्हीला नाही, तर प्रश्न काढून टाका.

सगळ्यांना एकच फॉर्म

पहिलं पान सगळ्यांना सारखं ठेवा: नाव, पत्ता, जीएसटी, बँक, उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी). त्यानंतर मालानुसार वेगळं पान लावा.

चिऱ्यांसाठी खाण कुठली, परवाना कुणाच्या नावावर आणि काढलेला चिरा किती दिवस उघड्यावर ठेवून मग पाठवता, हे विचारा. ताजा चिरा मऊ असतो, वारा लागला की कडक होतो. गाडीतून उतरवतानाच कोपरे झडायला लागले, तर हा प्रश्न राहून गेला असं समजा.

रेतीचं पान सगळ्यात काळजीपूर्वक लिहा. गोव्यातला नदीतल्या रेतीचा उपसा कोर्टापर्यंत गेलेला विषय आहे आणि बराच माल सीमेपलीकडून येतो. म्हणून 'रेती कुठली?' एवढ्यावर भागत नाही. नदी, जागा, वाहतूक परवाना आणि तो ज्याच्या नावे निघतो तो माणूस, एवढं सगळं लागतं. नदीच्या मुखाजवळची रेती खारी असू शकते, तेव्हा गाळाच्या चाचणीबरोबर क्लोराइडचा रिपोर्टही मागा. समुद्रकाठच्या हवेत सळई तशीही लवकर गंजते, त्यात काँक्रीटमध्येच मीठ नको. कृत्रिम वाळू देणाऱ्याला आयएस ३८३ या भारतीय मानकाप्रमाणे चाळणीचा रिपोर्ट मागा.

सळईवाल्याकडून बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरो) लायसन्स नंबर घ्या. 'सीएम/एल'ने सुरू होणारा हा नंबर बीआयएस केअर अ‍ॅपवर लगेच तपासता येतो. मिलचं टेस्ट सर्टिफिकेट कुणीही जोडेल. त्यावरचा हीट नंबर (वितळवलेल्या पोलादाच्या त्या खेपेचा नंबर) बंडलच्या टॅगवरच्या नंबराशी जुळवून द्याल का, असा थेट प्रश्न घाला.

हो की नाही?

'आपल्याकडे गुणवत्ता नियंत्रण आहे का?' याला 'नाही' लिहिणारा पुरवठादार अजून जन्मायचा आहे. त्याऐवजी आरएमसीवाल्याला विचारा: क्यूब (चाचणीसाठीचे काँक्रीटचे ठोकळे) कोण काढतो, कुठल्या लॅबमध्ये फोडतो, गेल्या तीन महिन्यांतले २८ दिवसांचे निकाल द्या. प्लांटपासून साइटपर्यंत गर्दीच्या वेळी किती मिनिटं लागतात, हेही विचारा. आयएस ४९२६ नुसार गाडीत भरल्यापासून साधारण दोन तासांत माल पोचायला हवा. वेर्ण्याहून म्हापशाला सकाळी नऊला निघालेल्या गाडीचा हिशेब वेगळा आणि रात्री निघालेलीचा वेगळा.

एकक न लिहिणं

'महिन्याला किती पुरवू शकता?' समोर नुसतंच '२००'. दोनशे काय? ब्रास, घनमीटर, टन की टिपर? एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, साधारण २.८३ घनमीटर. म्हणजे २०० ब्रास खडी ५६६ घनमीटरच्या आसपास जाते. घनमीटर समजून निवडलेल्याचे ते २०० प्रत्यक्षात टिपर निघाले, तर तुलनाच चुकली. एकक रकान्यातच छापून ठेवा.

पावसाळा विसरणं

जून ते सप्टेंबर खाण चालते का, यार्डात झाकलेला साठा किती, घाटातून येत असाल तर अनमोड किंवा चोर्ला बंद पडला की दुसरा रस्ता कोणता? जानेवारीत भरलेल्या फॉर्मवर जुलैतला पुरवठा ठरतो. हे तीन प्रश्न नसतील, तर ऐन पावसात खडीसाठी फोनाफोनी ठरलेली.

कागद जोडले, वाचले नाहीत

जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि तिसऱ्यापासून बाराव्या अक्षरापर्यंत त्यात पॅनच असतो. पहिले दोन अंक गोव्यासाठी ३०, महाराष्ट्रासाठी २७, कर्नाटकासाठी २९. डिचोलीचा पत्ता आणि २७ ने सुरू होणारा नंबर, यात गैर असेलच असं नाही, पण माल कुठून निघणार हे विचारायला हवं. रद्द केलेल्या चेकवरचं नाव आणि जीएसटी पोर्टलवरचं नावही जुळवा.

उत्पादक की व्यापारी, हा रकाना ठेवाच. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याशिवाय आयकरात वजा मिळत नाही. निव्वळ व्यापाऱ्याला हा नियम लागत नाही. तुमच्या अकाउंटंटला हे आधी माहीत असलेलं बरं.

सगळ्याला गुण देणं

परवाना नसलेल्याला उलाढालीचे चांगले गुण मिळतात आणि तो यादीत वर जातो. हे होतं, कारण दोन्ही एकाच तराजूत टाकलेलं असतं. परवाना, जीएसटी, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, यांना गुण नकोतच. नसेल तर बाहेर. उरलेल्यांनाच क्षमता, रिपोर्ट, जुनी कामं यांवर गुण द्या. उलाढालीची अटही कामाच्या आकाराला शोभेल अशी ठेवा, नाहीतर गावातला चांगला चिरेवाला पहिल्याच पानावर गळतो.

फॉर्म परतच येत नसतील तर

बहुधा फॉर्म लांब असतो, फक्त इंग्रजीत असतो आणि ईमेलनेच मागवलेला असतो. मराठीत दोन पानं काढा, व्हॉट्सअ‍ॅपवर कागदांचे फोटो चालतील असं लिहा आणि पैसे किती दिवसांत देता तेही त्यातच छापा. पुरवठादार पहिल्यांदा तेच शोधतो.

आलेल्या कागदांच्या मुदती एका शीटमध्ये तारखेनुसार लावून ठेवा. संमती किंवा परवाना संपायच्या महिनाभर आधी त्या पुरवठादाराला फोन गेला पाहिजे, आणि नवा कागद येईपर्यंत नवी ऑर्डर थांबली पाहिजे.