डेस्कटॉप जोडताय? सुटे भाग निवडताना या चुका टाळा

पंखे फिरतात, दिवे लागतात, पण स्क्रीन काळीच. नव्या जोडणीत असं झालं की पहिला संशय भाग खराब असल्याचा येतो. बऱ्याचदा भाग धडधाकट असतात, फक्त एकमेकांशी जुळत नसतात. ही जुळणी पैसे देण्याआधी तपासायची असते, खोकी फोडल्यावर नाही.

सॉकेट जुळला, आता बायोसही बघा

मदरबोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा म्हणजे सॉकेट. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटवर प्रोसेसरांची बारावी, तेरावी आणि चौदावी पिढी चालते. कोअर अल्ट्रा २००एस मालिकेला एलजीए १८५१ लागतो. एएमडीच्या एएम४ वर रायझन १००० ते ५००० या मालिका, तर एएम५ वर ७००० आणि त्यापुढच्या. इथवर बहुतेक जण बरोबर असतात. गाडी अडते ती बायोसपाशी, म्हणजे बोर्ड सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरपाशी. एएम५ साठीचे बी६५० चिपसेटचे बोर्ड २०२२ मध्ये आले, रायझन ९००० मालिका २०२४ मध्ये. जुन्या साठ्यातला बोर्ड हाती आला, तर प्रोसेसर अगदी नीट बसतो, पण बोर्ड त्याला ओळखत नाही.

म्हणून बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरची प्रोसेसरची यादी उघडा. तुमच्या प्रोसेसरसमोर बायोसची किमान आवृत्ती दिलेली असते. बोर्डावर बायोस फ्लॅशबॅकची सोय असेल तर प्रोसेसर न बसवताही नवी आवृत्ती टाकता येते. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, बायोसच्या फाइलला माहितीपुस्तिकेत सांगितलेलं नाव द्या आणि पेनड्राइव्ह खूण केलेल्या यूएसबी पोर्टमध्ये लावा. पॉवर सप्लायची २४ पिनची आणि ८ पिनची केबल जोडून बटण दाबा. दिवा लुकलुकत असेपर्यंत वीज अजिबात बंद करू नका, अर्धवट लिहिलेला बायोस बोर्ड निकामी करू शकतो.

रॅमचा आकडा खोक्यावरचा वेगळा, चालण्याचा वेगळा

एएम५ आणि एलजीए १८५१ वर फक्त डीडीआर५ चालते, एएम४ वर फक्त डीडीआर४. एलजीए १७०० चे बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात, पण एका बोर्डावर साधारणपणे एकच प्रकार. दोन्हींच्या पट्ट्यांवरचे काप वेगळ्या जागी असतात, त्यामुळे पट्टी बसत नसेल तर जोर लावू नका.

६००० वेगाची रॅम घेऊन ती ४८०० नेच चालतेय, ही तक्रार नेहमीची. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमच्या जाहीर वेगाची तयार सेटिंग) सुरू केल्याशिवाय जाहीर केलेला वेग मिळत नाही. दोन पट्ट्या असतील तर सहसा ए२ आणि बी२ खाचांत लावा, म्हणजे प्रोसेसरकडून दुसरी आणि चौथी. आणि ३२ जीबी हवी असेल तर १६ च्या दोन पट्ट्यांचा एकच संच घ्या, ८ च्या चार नकोत. डीडीआर५ च्या चार पट्ट्यांचा भार मेमरी कंट्रोलरला जड जातो. रायझन ७००० मालिकेत दोन पट्ट्यांना अधिकृत वेग ५२००, चार पट्ट्यांना फक्त ३६००.

पॉवर सप्लायच्या केबलींची अदलाबदल कधीच नको

इथली चूक सगळ्यात महागात पडते. मॉड्युलर, म्हणजे पॉवर सप्लायपासून सुट्या होणाऱ्या केबलचं भागाकडचं टोक ठरलेल्या मापाचं असतं. पॉवर सप्लायकडच्या टोकाला असा कुठलाही सामायिक नियम नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही तारांचा क्रम बदललेला असू शकतो. जुन्या पॉवर सप्लायची साटा केबल (ड्राइव्हना वीज देणारी) नव्याला लावली, ती छान बसलीही, आणि ५ व्होल्टच्या तारेतून १२ व्होल्ट गेले, तर त्यावरची प्रत्येक ड्राइव्ह क्षणात जळते. पॉवर सप्लाय बदलताना केबलीही सगळ्या बदला, आतून ओढून न्यायचा कितीही कंटाळा आला तरी.

प्रोसेसरची ४+४ आणि ग्राफिक्स कार्डची ६+२ केबल दिसायला सारखी, पण १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या तारांच्या बाजू उलट्या. १६ पिनचा कनेक्टर असलेलं कार्ड असेल तर तो शेवटपर्यंत दाबा, फट दिसता कामा नये, आणि तोंडापासून निदान ३-४ सेंमी केबल सरळ ठेवा. अर्धवट बसलेला कनेक्टर तापून वितळतो.

कॅबिनेटमधले मिलिमीटर

कॅबिनेटवर ग्राफिक्स कार्डसाठी ३६० मिमी लिहिलं असेल, तर तो आकडा बहुतेकदा पुढच्या बाजूला लिक्विड कूलरचा रेडिएटर नसतानाचा असतो. २७ मिमीचा रेडिएटर आणि २५ मिमीचे पंखे लावले की उरतात ३०८. एअर कूलरची उंचीही अशीच ताडून पाहा. १६५ मिमीचा कूलर १६० च्या कॅबिनेटमध्ये घातला तर बाजूचं झाकण लागत नाही. बोर्डाखालचे स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारे धातूचे खुंट) भोकांपुरतेच ठेवा, एखादा जादा राहिला तर बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट होतो.

एम.२ हा बोर्डावर थेट बसणाऱ्या ड्राइव्हचा नुसता आकार आहे. त्यात साटाही येते आणि एनव्हीएमईही, या ड्राइव्ह जोडण्याच्या दोन वेगळ्या पद्धती. फक्त एनव्हीएमई चालणाऱ्या खाचेत साटा ड्राइव्ह दिसणारच नाही. काही बोर्डांवर एम.२ ची एखादी खाच भरली की साटाचे एक-दोन पोर्ट बंद पडतात, त्यामुळे हार्ड डिस्क ‘गायब’ झाली तर आधी पोर्ट बदलून पाहा.

तरीही स्क्रीन काळी?

मॉनिटरची केबल बोर्डाला नाही, ग्राफिक्स कार्डाला लावली आहे ना, ते बघा. इंटेलच्या एफ अक्षराच्या प्रोसेसरांत आणि रायझन ५ ५६०० सारख्यांत अंगचं ग्राफिक्स नसतं, त्यामुळे बोर्डाच्या पोर्टमधून काहीच येत नाही. डीडीआर५ असेल तर पहिल्या वेळी काही मिनिटं थांबा, बोर्ड रॅमची जुळवणी करत असतो. त्यानंतरही बोर्डावरचा डीरॅमचा (रॅमची अडचण दाखवणारा) दिवा लागलेलाच राहिला, तर वीज काढून एकच पट्टी ए२ मध्ये ठेवा, सीमॉस क्लिअर करा (बायोसची सेटिंग मूळ स्थितीत आणा) आणि पुन्हा सुरू करा.