पिल्लू नर की मादी? परसातील कोंबडीपालनात या चुका टाळा

खुडूक कोंबडी २१ दिवस टोपलीत बसते, ११ अंड्यांपैकी ८-९ अंडी फुटतात, आणि पिल्लांचे अंग वाळण्याआधीच घरात चर्चा सुरू होते की यांत तलंगा (तरुण माद्या) किती आणि कोंबडे किती. कोणी पिल्लाला पायाला धरून उलटे करते, कोणी दोऱ्याला अंगठी बांधते, आणि शेजारच्या आजी टोपलीकडे नुसती नजर टाकून तीन कोंबडे मोजून दाखवतात. ही चर्चा गमतीपुरती राहिली तर तिच्यात काहीच वावगे नाही. मात्र त्या अंदाजावर विसंबून पिल्ले आठवडाभरात वाटून टाकली किंवा विकली, की नुकसानीला सुरुवात होते. सहा महिन्यांनी आपण दिलेल्या तलंगा दुसऱ्याच्या अंगणात अंडी घालू लागतात आणि आपल्या खुराड्यात पहाटे चार कोंबडे एकमेकांवर कडी करत आरवतात.

अंड्याचा आकार पाहून रवणीला (उबवायला) बसवणे

टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोलसर अंड्यातून कोंबडी निघते, हा समज आपल्याकडे गावोगावी ऐकायला मिळतो. तो केवळ आपलाच नाही आणि नवाही नाही. ॲरिस्टॉटलने लांबट, टोकदार अंड्यातून मादी आणि गोल अंड्यातून नर जन्मतो असे लिहून ठेवले, तर त्याच्यानंतर सुमारे चार शतकांनी रोममधल्या प्लिनीने बरोबर त्याच्या उलट लिहिले. दोन विद्वानांनी एकच खूण घेऊन परस्परविरुद्ध निष्कर्ष काढावेत, यातच त्या खुणेची किंमत कळून येते.

अंड्याला आकार येतो तो कोंबडीच्या अंडनलिकेत, आणि एकच कोंबडी साधारणपणे एकाच घडणीची अंडी घालत राहते. आकारावरून लिंग ठरत असते, तर टोकदार अंडी घालणाऱ्या कोंबडीला जन्मभर फक्त कोंबडेच झाले असते, आणि तसे कोणत्याही खुराड्यात होत नाही. माणसात मुलगा की मुलगी हे वडिलांच्या बीजावर ठरते, पण पक्ष्यांत हा हिशोब उलटा आहे. कोंबड्याकडे झेड आणि झेड अशी एकसारखी लिंगगुणसूत्रे असतात, तर कोंबडीकडे झेड आणि डब्ल्यू अशी दोन वेगळी असतात. त्यामुळे पिल्लू नर होणार की मादी हे कोंबडीच्या बीजातच ठरून जाते. त्यानंतर जवळपास एक दिवसाने कवच पूर्ण होऊन अंडे बाहेर येते. म्हणजे आपण ज्या कवचाकडे पाहून भविष्य सांगतो, ते तयार होण्याआधीच निकाल लागलेला असतो. तलंगा जास्त हव्यात म्हणून कोंबडा बदलून पाहणाऱ्यांनीही ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

उष्णतेवरून लिंग बदलते, हीदेखील याच जातीची चूक आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपली जातात. त्या कासवांमध्ये वाळूच्या तापमानावर नर-मादी ठरते आणि वाळू अधिक तापली तर माद्या जास्त निघतात. कासवाचा हा नियम कोंबडीला लावून उबवणी यंत्राचे तापमान वरखाली केले, तर माद्या वाढत नाहीत, कवचातच मरणारी पिल्ले मात्र वाढतात.

आकार पाहून अंडी निवडण्याचे प्रत्यक्ष नुकसान वेगळेच आहे. माद्यांच्या आशेने निवडलेली चेंडूसारखी गोल अंडी आणि फार लांबट अंडी या दोहोंतून पिल्ले निघण्याचे प्रमाण कमीच असते. शिवाय हवी तशी अंडी जमेपर्यंत लोक पंधरा-पंधरा दिवस थांबतात, आणि तोवर आधीच्या अंड्यांचा कस गेलेला असतो. रवणीसाठी शक्यतो ७ दिवसांच्या आतली, मध्यम आकाराची, तडा न गेलेली आणि न धुतलेली अंडी घ्यावीत, ती निमुळते टोक खाली करून थंड जागी ठेवावीत, आणि गावठी कोंबडीच्या अंगाखाली नीट मावतील अशी १० ते १२ अंडीच द्यावीत. प्रथेप्रमाणे टोपलीत लोखंडाचा खिळा ठेवायचा असेल तर खुशाल ठेवावा. त्याने अंड्याचे काही बिघडत नाही.

दोरा आणि अंगठी

अंड्यावर किंवा पिल्लावर दोऱ्याला बांधलेली सुई अथवा अंगठी धरायची. ती गोल फिरली तर मादी आणि सरळ रेषेत झुलली तर नर. हा प्रयोग करणारा माणूस खोटे बोलत नसतो, कारण अंगठी खरोखरच फिरते. ती कशामुळे फिरते, याचे उत्तर फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरूल यांनी १८३३ मध्ये प्रसिद्ध केले: मनात जी हालचाल अपेक्षित असते तिचे बारीक, स्वतःलाही न जाणवणारे धक्के बोटे दोऱ्याला देत असतात, आणि डोळे बांधले की ही जादू संपते.

ज्यांना पटत नसेल त्यांनी अंड्यांवर २१ दिवस घालवू नयेत. घरातल्या दुसऱ्या माणसाला एका डालग्याखाली ओळखीचा मोठा कोंबडा आणि दुसऱ्याखाली कोंबडी झाकायला सांगावी, वर चादर टाकावी आणि मग दोरा धरावा. असे दहा वेळा, दर वेळी जागा बदलून करावे. कोंबडे झाकल्याने तांबडे फुटायचे राहत नाही म्हणतात, तेव्हा आतला कोंबडा मध्येच आरवला तर ती फेरी मोजू नये.

मानेला धरणे, उलटे टांगणे, दाबून पाहणे

या पद्धती नुसत्या चुकीच्या नाहीत, त्या पिल्लाच्या जिवावर येतात. मानेला धरून उचलल्यावर पाय पोटाशी घेतले तर मादी आणि खाली सोडले तर नर, किंवा उलटे टांगल्यावर डोके वर काढणारा तो कोंबडा, असे सांगतात. पिल्लाची प्रतिक्रिया ही त्याला किती थंडी वाजते आहे, ते किती दमले आहे आणि त्याला कसे पकडले आहे यांवर अवलंबून असते. तेच पिल्लू तासाभराने पुन्हा उचलले तर पुष्कळदा वेगळे उत्तर देते, आणि ही चाचणी कोणालाही घरी करून पाहता येईल. पण एकदाच करावी.

एक दिवसाच्या पिल्लाची गुदद्वाराची जागा उघडून आतला बारीक उंचवटा पाहणे ही मात्र खरी पद्धत आहे. जपानमध्ये १९२० च्या दशकात कियोशी मासुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती शास्त्रीय पायावर उभी केली आणि पुढे तिथले प्रशिक्षित तपासनीस जगभरच्या अंडी उबवणी केंद्रांत जाऊ लागले. मुरलेला तपासनीस तासाला हजाराच्या आसपास पिल्ले वेगळी करतो. व्हिडिओ पाहून हे काम जमत नाही. तो उंचवटा टाचणीच्या डोक्याएवढा असतो, काही माद्यांतही तो दिसतो, आणि जन्मलेल्या पिल्लाच्या पोटात अजून शोषला न गेलेला बलक असतो; अंगठ्याचा दाब जरा जास्त झाला की आत इजा होते आणि दोन दिवसांनी पिल्लू का मेले हे कोणाला कळत नाही.

पंख पाहणे: अर्धे सत्य

सर्व ठोकताळ्यांत हा सर्वांत फसवा आहे, कारण तो काही ठिकाणी जवळपास शंभर टक्के खरा ठरतो. पंख लवकर फुटणे आणि उशिरा फुटणे हा गुण झेड गुणसूत्रावर असतो. लवकर पंख येणाऱ्या जातीचा नर आणि उशिरा पंख येणारी मादी यांचा मुद्दाम संकर केला, तर जन्मल्या दिवशी मादी पिल्लाच्या पंखाची मुख्य पिसे त्यांवरच्या पिसांपेक्षा लांब दिसतात आणि नराची दोन्ही सारखी असतात. रंगाचेही तसेच आहे. ऱ्होड आयलंड रेड जातीचा नर आणि पट्टेदार प्लायमाउथ रॉक जातीची मादी यांच्या पिल्लांत डोक्यावर फिकट ठिपका असलेले ते नर आणि पूर्ण काळ्या डोक्याच्या त्या माद्या.

हा नियम आईबाप ठाऊक असलेल्या संकरापुरता आहे. गावठी कोंबडी, शेजारचा कोंबडा आणि मध्ये कधीतरी आलेले गिरिराज किंवा वनराज या सुधारित जातींचे रक्त अशा मिश्र पिल्लांना तो लागू पडत नाही, आणि तीन-चार दिवस उलटल्यावर तर खऱ्या संकरातही पंखांतला फरक पुसला जातो. म्हणून कोणी पंख उघडून ‘या सगळ्या माद्या’ असे सांगितले, तर आईबाप कोणत्या जातीचे हे आधी विचारावे.

इथेच दारावर येणाऱ्या विक्रेत्याविषयी लिहिणे भाग आहे. गुलाबी, हिरवी, निळी रंगवलेली स्वस्त पिल्ले ही बहुधा अंड्यांच्या व्यवसायातील जातींची, उबवणी केंद्रांत मादीपासून वेगळी काढलेली नर पिल्ले असतात. ती अंडी देणार नाहीत आणि मांसासाठीही फारशी भरत नाहीत. मुलांच्या हट्टापायी घेतली तर तेवढ्यापुरतीच घ्यावीत, त्यांच्यावर खुराड्याचा बेत आखू नये. सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रांतून किंवा खात्रीच्या ठिकाणाहून पिल्ले घेतली तरी, न निवडलेल्या पिल्लांत निम्मे नर निघतील हे धरूनच संख्या ठरवावी.

आजाराला किंवा थंडीला लिंगाची खूण समजणे

माझ्या मते या साऱ्या प्रकारातली ही सर्वांत महाग चूक आहे. सारखे ओरडणारे, बल्बपासून दूर पळणारे पिल्लू ‘धीट आहे, कोंबडा असणार’ असे म्हणून सोडून दिले जाते. वास्तविक त्याला उष्णता जास्त झालेली असते. एकमेकांवर चढून बल्बखाली गोळा झालेली पिल्ले ‘भित्र्या माद्या’ नसतात, त्यांना थंडी वाजत असते. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पातळीवर ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते आणि नंतर दर आठवड्याला ती साधारण ३ अंशांनी उतरवत न्यावी लागते. पिल्ले सगळीकडे सारखी पसरून दाणा टिपत असतील, तर ऊब बरोबर आहे.

पंख खाली सोडून एका कोपऱ्यात उभ्या राहिलेल्या पिल्लाला ‘गरीब तलंग’ म्हणणे तर धोक्याचेच आहे. खालचे तूस ओले असेल आणि विष्ठेत रक्त दिसत असेल, तर ती रक्ती हगवण आहे. पिल्लू वेगळे काढावे, तूस बदलावे आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाला विचारावे. लसीकरणातही नर-मादी असा भेद नसतो. ‘हे तर कोंबडे, कापायचेच आहेत’ म्हणून पहिल्या आठवड्यातली, मानमोडी (राणीखेत) रोगावरची लासोटा लस चुकवली, तर मानमोडी त्या कोंबड्यांपासून सुरू होऊन तलंगांपर्यंत पोचते.

मग ओळखायचे केव्हा आणि कसे

तिसऱ्या आठवड्यात तुऱ्याकडे पाहून अंदाज बांधता येतो, पण निर्णय घेता येत नाही. पाच-सहा आठवड्यांनंतर एकाच रवणीच्या भावंडांत ज्यांचा तुरा आणि चोचीखालचे कल्ले ठळकपणे मोठे व लाल होतात, पाय जाड दिसतात, ते बहुतेक नर असतात. तुलना नेहमी एकाच वयाच्या, एकाच जातीच्या पिल्लांत करावी. असील जातीचा तुरा मुळातच छोटा व चपटा असतो, तर कडकनाथचा काळसर जांभळा. तेथे ‘लाल झाला की कोंबडा’ हा नियम लावला तर सगळ्याच तलंगा ठरतील.

सर्वांत भरवशाची खूण पाठीवर, शेपटीच्या अलीकडे मिळते आणि ती शोधायची फारशी कोणाला सवय नसते. साधारण १० ते १२ आठवड्यांत नराच्या त्या भागावर अरुंद, टोकदार, चकचकीत पिसे येऊ लागतात, मादीची पिसे तिथे रुंद आणि गोल टोकाची राहतात. पुढे नराच्या शेपटीत विळ्यासारखी बाकदार पिसे दिसू लागली की शंकेला जागा उरत नाही. आरवणे ही खूणही चांगली आहे, मात्र क्वचित एखादी वयस्क कोंबडी आरवू लागते. कोंबडीची डावीच अंडग्रंथी कार्यरत असते. ती आजाराने निकामी झाली की शरीरातील संप्रेरकांचा तोल बदलतो आणि कोंबडीला नरासारखी पिसे येऊ शकतात. यात अपशकुन काही नाही.

जन्मल्या दिवशी केलेला अंदाज खरा ठरल्याच्या गोष्टी इतक्या ऐकू येतात, त्यामागे साधे गणित आहे. दहा पिल्लांबाबत कोणी निव्वळ नाणेफेक करून सांगितले, तरी सात किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता सुमारे १७ टक्के असते. म्हणजे सरासरी सहा घरांमागे एका घरात ‘आमची पद्धत अचूक आहे’ असे म्हणणारे निघणारच. आपल्या पद्धतीवर विश्वास असेल तर पिल्लांच्या पायांत वेगवेगळ्या रंगांचा दोरा सैल बांधावा, अंदाज वहीत लिहावा आणि तीन महिन्यांनी ताडून पाहावा. दोरा दर आठवड्याला सैल करायला मात्र विसरू नये, कारण पाय जाड होतो आणि दोरा मांसात रुततो.

खात्री झाल्यावर ८ ते १० कोंबड्यांमागे एक कोंबडा ठेवावा. जास्त नर राहिले तर माद्यांच्या पाठीची पिसे उडतात आणि जखमा होतात. फक्त खाण्यासाठी अंडी हवी असतील तर कोंबड्याची गरजच नसते.

राहता राहिली ती सहा महिने झाले तरी अंडे न देणारी तलंग, जिला अनेक घरांत ‘हा कोंबडाच निघाला’ म्हणून हंडीत घालतात. पाठीची पिसे गोल असतील तर ती तलंगच आहे. गावठी कोंबडी सातव्या महिन्यापर्यंतही थांबू शकते, आणि मोकळी फिरणारी कोंबडी पुष्कळदा गवताच्या गंजीत किंवा कुंपणात चोरून अंडी घालते. तिला संध्याकाळी खुराड्यात शांतपणे धरून गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंच्या टोकदार हाडांमध्ये बोटे ठेवून पाहावीत. दोन-तीन बोटे सहज मावत असतील तर ती अंड्यावर आहे. मग पुढचे तीन दिवस तिला दुपारपर्यंत कोंडून ठेवले, की अंडी कुठे जात होती ते कळते. एकच बोट मावत असेल, तर अजून महिनाभर धीर धरावा.